गुणांचे ऋण

गुणी मनुष्याच्या गुणांवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न जुनाच आहे. ज्याने ते श्रमाने वाढविले त्याचा, की ज्या समाजाच्या मांडीवर तो वाढला त्या समाजाचा? व्यवहारात हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. राष्ट्राच्या नावाने बोलावणे आले की गुणी मनुष्य धावत जातो, आणि समाज त्याच्या गळ्यात हार घालून मोकळा होतो. परंतु असे बोलावणे आले असता एखादी व्यक्ती ‘मी येत नाही’ म्हणून शांतपणे सांगते, तेव्हा आपणांस विचार करणे भाग पडते. नॉर्वे देशाची फुटबॉलपटू आडा हेगरबर्ग हिने २०१७ साली असे सांगितले. खेळाचा आणि नीतिशास्त्राचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण नीतीचे प्रश्न रणांगणावर आणि न्यायासनापुढेच उत्पन्न होतात असे थोडेच आहे?

आडाचा जन्म जुलै १९९५ मधला. त्याच्या अवघे तीन आठवडे आधी नॉर्वेच्या स्त्रियांनी जर्मनीचा पराभव करून विश्वचषक जिंकला होता. म्हणजे ज्या देशात स्त्रियांचे फुटबॉल ही नवलाची गोष्ट राहिली नव्हती, अशा देशात ती जन्मली. आघाडीवर खेळून गोल करणे हे तिचे काम. २०१४ साली ती फ्रान्समधील लियों येथील क्लबात व्यावसायिक खेळाडू म्हणून गेली आणि तेथे तिने गोलांची रास घातली. १९५६ पासून पुरुषांना दिला जाणारा ‘बालों द’ओर’ हा मानाचा सुवर्णकंदुक २०१८ साली प्रथमच एका स्त्रीस देण्यात आला, तो हिलाच. त्या व्यासपीठावर सूत्रसंचालकाने तिला एक उत्तान नाच येतो काय, असे विचारले. ‘नाही’ एवढेच म्हणून तिने मुख फिरविले. त्याने मागाहून क्षमा मागितली, आणि तो प्रसंग तेवढ्यावर संपला. पण तिचा मोठा नकार त्याच्या आधी वर्षभर देऊन झाला होता. २०१७ च्या युरोपीय स्पर्धेत नॉर्वेचा संघ तिन्ही सामने हरला; त्याला एकही गोल करता आला नाही. त्यानंतर तिने राष्ट्रीय संघ सोडला.

ह्यावर पूर्वपक्ष असा की, ही कृतघ्नता होय. ज्या देशाच्या मैदानांवर ती खेळ शिकली, त्या देशाचे ऋण तिने फेडावयास नको काय? हे ऋण खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु धनको कोण, हे नीट पाहिले पाहिजे. राष्ट्र निराळे आणि राष्ट्राच्या नावाने कारभार पाहणारी संस्था निराळी. संस्था ही विश्वस्त आहे, मालक नव्हे. विश्वस्ताच्या आज्ञेत राहिल्याने ऋण फिटतेच असे नाही, व त्याच्याशी मतभेद झाल्याने ते बुडतेच असेही नाही. मात्र येथे एक धोका आहे. असंतुष्ट झालेला प्रत्येक जण ‘माझे भांडण संस्थेशी, राष्ट्राशी नव्हे’ असे म्हणू लागेल, आणि स्वार्थालाही तत्त्वाचे वस्त्र मिळेल. म्हणून खरा नकार कोणता आणि रुसवा कोणता, हे ओळखण्यास काहीतरी कसोटी हवी.

दुसरा आक्षेप पैशाचा. २०१७ च्या ऑक्टोबरात नॉर्वेच्या फुटबॉल संघटनेने स्त्री आणि पुरुष खेळाडूंना राष्ट्रीय संघासाठी समान मोबदला देण्याचा करार केला. त्यासाठी पुरुष खेळाडूंनी आपल्या उत्पन्नाचा काही भाग सोडला, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे. मग तक्रार उरली कोठे? तिचे उत्तर असे की, प्रश्न पैशाचा नव्हताच. संघाची तयारी कशी होते आणि स्त्रियांच्या खेळाकडे किती गांभीर्याने पाहिले जाते, हा तो प्रश्न होता. आपणां मध्यमवर्गीयांना हा भेद कळण्यास नॉर्वेला जावयास नको. मुलीच्या ताटात मुलाइतकेच वाढणारी घरे आता पुष्कळ आहेत. पण मुलाच्या अभ्यासाची जशी चौकशी होते तशीच मुलीच्याही अभ्यासाची होणारी घरे मोजावीच लागतील. ताटातील समता आणि मनातील समता ह्या दोन वस्तू आहेत. पहिली करारपत्राने साधते, दुसरीस करारपत्र पुरे पडत नाही. दुसरीची मागणी करणाऱ्यापुढे पहिलीचा हिशेब ठेवणे म्हणजे एका प्रश्नास दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे होय.

तिसरा आक्षेप मात्र सर्वांत भारी आहे. तिच्या सहकारी खेळाडूंनी त्याच संघात राहून, त्याच अडचणी सोसून खेळ चालू ठेवला. त्यांना स्वाभिमान नव्हता काय? होता, असेच म्हटले पाहिजे. आत राहून सुधारणा करणारा आणि बाहेर पडून निषेध करणारा हे दोघेही एकाच कार्याचे वाटेकरी असू शकतात. बाहेर पडणाऱ्यास टाळ्या आणि निंदा दोन्ही मिळतात, आत राहणाऱ्यास बहुधा दोन्ही मिळत नाहीत. म्हणून आडाचा नकार योग्य ठरला, तरी तो सर्वांवर बंधनकारक ठरत नाही. २०१९ साली तिने सांगितले की, राष्ट्रीय संघातील दिवसांनी आपले मन खचून गेले होते. एका मनाला जे सोसते ते दुसऱ्याला सोसेलच असे नाही, आणि आपली शक्ती कोठे झिजते हे ज्याचे त्यालाच कळते.

आता कसोटी. नकाराची किंमत कोण देतो, हे पाहावे. १८ मे २०१९ रोजी बुडापेस्ट येथे युरोपातील क्लबांच्या अंतिम सामन्यात तिने बार्सिलोनाविरुद्ध सोळा मिनिटांत तीन गोल केले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत फ्रान्समध्ये विश्वचषकाची स्पर्धा सुरू झाली, आणि तिचा अंतिम सामना ७ जुलै रोजी तिच्याच क्लबाच्या मैदानावर झाला. ती त्या स्पर्धेत नव्हती. तिचे वय तेव्हा तेवीस होते. आघाडीच्या खेळाडूची उमेद थोड्या वर्षांची, आणि विश्वचषक येतो चार वर्षांनी. पुढे जानेवारी २०२० मध्ये तिच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि दीड वर्षाहून अधिक काळ तिला मैदानाबाहेर राहावे लागले. गेलेली संधी तशीच परत येईल, अशी हमी तिला कोणी दिलेली नव्हती. ज्या नकाराचा सर्वांत मोठा तोटा नकार देणाऱ्यालाच होतो, त्यास सौदा म्हणता येत नाही.

काही लोक फळावरून निवाडा करू पाहतात. त्यांची येथे मोठी पंचाईत होते. २०१९ साली तिच्यावाचून नॉर्वेचा संघ ऑस्ट्रेलियास हरवून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. आणि ती परतल्यावर २०२२ च्या युरोपीय स्पर्धेत त्याच संघाने इंग्लंडकडून आठ गोल खाल्ले, एकही न करता. मग तिचे जाणे राष्ट्राच्या हिताचे होते आणि येणे अहिताचे, असे म्हणावयाचे काय? गोलांच्या संख्येवरून सामन्याचा निकाल लागतो, आचरणाचा लागत नाही.

ती परतली ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे. मार्च २०२२ मध्ये लिसे क्लावनेस ही माजी राष्ट्रीय खेळाडू संघटनेची अध्यक्ष निवडली गेली, आणि त्याच महिन्यात आडाच्या पुनरागमनाची वार्ता आली. एप्रिलमध्ये कोसोवोविरुद्ध तिने तीन गोल केले. ही माघार होती काय? मला तसे वाटत नाही. हट्ट आणि निग्रह ह्यांत अंतर आहे. हट्टी मनुष्यास समोरचा वाकलेला पाहावयाचा असतो. निग्रही मनुष्यास केवळ आपण वाकू नये असे वाटत असते. म्हणून परिस्थिती पालटली असता हट्टी मनुष्य दार उघडे दिसले तरी बाहेरच उभा राहतो, आणि निग्रही मनुष्य मानापमानाचा हिशेब न मांडता आत येतो. परत येता येणे, हाच तिच्या नकारात द्वेष नव्हता ह्याचा उत्तम पुरावा होय.

तेव्हा गुणांवर समाजाचा हक्क आहे, हे मान्य. पण तो हक्क जोपासनेच्या कर्तव्याशी बांधलेला आहे. झाडास पाणी न घालता फळ मागणाऱ्याचा हक्क जसा लंगडा, तसाच गुणांची कदर न करता सेवा मागणाऱ्या संस्थेचा. आणि गुणवंताचेही पहिले ऋण हेच की, आपला गुण निकृष्ट होऊ न देता जपून ठेवावा. कारण झिजलेल्या गुणाने राष्ट्राचे देणे फिटावयाचे नाही. आपल्या घरातील वा संस्थेतील एखादी कर्तबगार मुलगी उद्या ‘मी येत नाही’ म्हणाली, तर तिला कृतघ्न ठरविण्याची घाई न करता, ह्या नकारात ती काय गमावीत आहे, एवढे आधी पाहावे. ते पुष्कळ असेल, तर तिचे म्हणणे ऐकून घेण्यास आपण बांधलेले आहो.