डिपस्टिक खोटं बोलत नाही



आजचं चिंतन : गीता, अध्याय १७, श्लोक १५.

इथे भगवंत वाणीचं तप सांगतात. बोलणं कुणाला टोचू नये, ते खरं असावं, गोड असावं, हिताचं असावं. वाचायला किती सोपं! माझी परीक्षा मात्र सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर झाली.

गेल्या वर्षी सेकंड हँड गाडी घेतली. वॉरंटी शिल्लक होती. दुसऱ्याच महिन्यात लक्षात आलं, गाडी ऑइल खातेय. सकाळी स्टार्ट केली की निळसर धूर, डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, आणि पार्किंगमध्ये गळतीचा एक थेंब नाही. म्हणजे ऑइल इंजिनातच जळत होतं. पिस्टन रिंग, नाहीतर व्हॉल्व्ह सील. तक्रार केली, तर "बघू पुढच्या वेळी" म्हणून परत पाठवलं.

काही महिन्यांनी पुन्हा गेलो. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं, सील लावलं, हजार किलोमीटर चालवून आणा म्हणाले. आणली. ऑइल जवळजवळ लिटरभर कमी. वाटलं, झालं काम!

मग ॲडव्हायझरने विचारलं, "सर, मधल्या सर्व्हिसचं बिल?"

मधली सर्व्हिस मी आळसाने चार हजार किलोमीटर उशिरा केली होती. तीही नाक्यावरच्या गॅरेजमध्ये, बिलाशिवाय. मित्र म्हणाला, "मागच्या तारखेचं बिल घे की त्याच्याकडून. तुला गाडी विकणाऱ्याने तरी खरं सांगितलं होतं का?"

खरं सांगते, हे पटलं होतं. फसवणूक माझी झाली, समोर मोठी कंपनी, मी कुणा गरिबाचं तर खात नाहीये!

पण त्या रात्री हाच श्लोक समोर आला. बघा, अटी सगळ्या एकत्र आहेत. मी "गोड" ठेवलं होतं, "हिताचं" ठेवलं होतं, फक्त "खरं" तेवढं गाळलं होतं. आणि हित तरी कुणाचं? गॅरेजवाल्या काकांना मी माझ्या खोट्यावर सही करायला लावणार होते. गाडी विकणाऱ्यावर माझा राग एवढाच ना, की त्याने लपवलं? मग मीही लपवलं, तर रागवायचा हक्क कुठे राहिला?

दुसऱ्या दिवशी जे होतं ते सांगितलं. क्लेम नाकारला गेला. हो, वाईट वाटलं. रडूच आलं.

पण खरं बोलणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. नकाराचं कारण लेखी मागितलं. पहिल्या तक्रारीचं जॉब कार्ड काढलं. त्यावरची तारीख सर्व्हिस चुकण्याच्या आधीची होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. आवाज न चढवता पाठपुरावा केला. शेवटी पार्ट्स त्यांनी दिले, मजुरी मी भरली.

दर वेळी असं होईलच असं नाही. पार्ट्स मिळाले नसते तरी उत्तर तेच असतं. फरक एवढाच पडला, की भांडताना जीभ अडखळली नाही. लपवायला काही नव्हतंच.

आजचा छोटासा संकल्प : कुठे तरी आपण "खरं" गाळून बाकीचं ठेवलंय का, एकदा डिपस्टिक काढून बघूया.

राम कृष्ण हरी! 🙏