अक्षरी आणि अंकी

चेकवर रक्कम दोनदा लिहावी लागते, एकदा आकड्यात आणि एकदा अक्षरात, हे आपल्याला ठाऊक आहेच. (नसेल, तर आपण सगळे व्यवहार मोबाईलवरून करत असणार, आपलं अभिनंदन.) पण या दोन जागी दोन निरनिराळ्या रकमा लिहिल्या गेल्या तर त्यातली खरी कुठली, हे फार थोड्यांना माहीत असतं. १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं अठरावं कलम सांगतं, की अशा वेळी अक्षरी रक्कम खरी धरावी. प्रत्यक्षात असा चेक आम्ही 'अक्षरी व अंकी रकमेत फरक' असा शेरा मारून परत करतो, हा भाग वेगळा. बँकेत कायदा म्हणजे घरच्या थोरल्या जावयासारखा. मान सगळा त्याचा, पण त्याला विचारून स्वयंपाक होत नाही.

बी. कॉम.ला हे कलम मी मार्कांसाठी पाठ केलं होतं. काउंटरवर वीस वर्षं काढल्यावर त्यातलं तत्त्वज्ञान कळायला लागलं. आकडा घाईत पडतो; एखादं शून्य कधी जास्त होतं, कधी गळतं. अक्षरात लिहायचं तर माणसाला क्षणभर थांबावं लागतं, मनात उच्चार करावा लागतो. थांबून लिहिणारा माणूस खरं लिहितो, असा त्या कायद्याचा भाबडा विश्वास.

हा विश्वास कुठे लागू पडत नसेल तर तो आपल्या प्राथमिक शाळेत. तिथे कारभार नेमका उलटा. गणिताच्या वहीत मुलानं सात पंचे छत्तीस लिहिलं तर तांबडी फुली बसते. त्याच मुलानं निबंधाच्या वहीत, जन्मात कधी न पाळलेला 'मोती' नावाचा कुत्रा पाळला, त्याला रोज दूध-पोळी घातली आणि त्याच्याकडून मध्यरात्री चोर पकडवला, तर खाली 'छान!' असा शेरा येतो.

निबंधातलं जग म्हणजे एक स्वतंत्र संस्थानच आहे. तिथली आई पहाटे पाचला उठून सडा-रांगोळी करते. तिथले आजोबा रोज संध्याकाळी गोष्ट सांगतात आणि त्यांना मधुमेह नसतो. आणि तिथला पावसाळा तर विचारूच नका! झुळझुळ ओढे, हिरवेगार डोंगर, कागदाच्या होड्या. आता आमचं छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचं औरंगाबाद) घ्या. पैठणचा नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटरवर. १९७६ साली पुरं झालेलं एवढं अवाढव्य धरण, पण नळाला पाणी वर्षानुवर्षं काही दिवसांआडच येत आलं आहे. इथलं मूल पाणी ओळखतं ते नळाच्या दिवसावरून, टँकरच्या हॉर्नवरून आणि गच्चीवरच्या टाकीच्या आवाजावरून. पण निबंधात ते मुकाट्यानं ओढ्यात होडी सोडतं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हाच्या लातूरच्या मुलांइतकं पाण्यावर लिहिण्यासारखं महाराष्ट्रात कुणाकडे होतं? तरी जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिथेही होड्याच सुटल्या असणार, अशी मला दाट शंका आहे.

हे सगळं मी लांबून, मजेनं बघत होतो. तेवढ्यात आमची कन्या चौथीत गेली आणि तिला 'माझी आई' हा निबंध आला. तिनं लिहिलं: 'माझी आई ऑफिसातून आली की दहा मिनिटं कुणाशी बोलत नाही. पंख्याखाली बसते. तेव्हा आम्ही भांडत नाही. मग ती चला म्हणते आणि परत आमची आई होते.'

यावर आडवी तांबडी रेघ आणि समासात शेरा: 'अयोग्य. फळ्यावरील निबंध उतरवणे.' पुढच्या पानावर फळ्यावरचा निबंध, म्हणजे पहाटे पाचची आई. दहापैकी नऊ. एक मार्क 'वात्सल्यमूर्ती'तला 'मू' ऱ्हस्व काढल्याबद्दल कापलेला.

आमच्या हिनं वही हातात घेतली. नऊ मार्कांच्या पानावर ती फारशी थांबली नाही. खोडलेल्या चार ओळी मात्र तिनं दोनदा वाचल्या. "हिला कळतं?" एवढंच म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नसेल." त्या दहा मिनिटांबद्दल आमच्या घरात कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीनं ती घड्याळ लावल्यासारखी मोजली होती, आणि तेवढा वेळ भावाशी भांडण बंद ठेवलं होतं. आता यातलं 'अयोग्य' ते काय?

पालकसभेच्या दिवशी मी बाईंना गाठलं. तुम्हाला वाटेल, आता जुंपली. पण बाई मुळीच खाष्ट नाहीत. वर्गात बावन्न मुलं, म्हणजे बावन्न वह्या. काउंटर बंद व्हायच्या वेळी समोर बावन्न माणसांची रांग दिसली की काय होतं, ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही. बाई म्हणाल्या, "अहो, गेल्या वर्षी एका मुलानं 'माझे बाबा'मध्ये लिहिलं, बाबा रात्री उशिरा येतात आणि आई दार उघडत नाही. दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत हजर! तेव्हा मात्र अगदी वेळेवर आले. तुम्हा पालकांना खरं लिहिलेलं चालतं का, तेवढं सांगा. मी उद्यापासून फळा पुसते."

मी म्हटलं, "विचार करून कळवतो." बँकेत असल्यामुळे हे वाक्य तोंडात तयारच असतं.

विचार केला, तो असा. उतरवून काढणं मुळात वाईट नाही. अक्षर गिरवूनच येतं. बाईंनी पाटीवर काढलेल्या 'अ'वरून पेन्सिल फिरवल्याशिवाय कोण लिहायला शिकलंय? ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, पूर्णविराम हा सगळा माल दुसऱ्याकडूनच उसना घ्यायचा असतो. पण आमच्या बँकेत सहीचे नमुने असतात. त्यातल्या काही सह्या अशा, की कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेली असावी. तरी आम्ही त्याच सहीवर पैसे देतो, कारण ती त्या माणसाची असते. शेजारच्या वळणदार अक्षरवाल्यानं त्याच्या नावाची फर्स्टक्लास सही करून दिली, तर तिला सुंदर सही म्हणत नाहीत. तिला बनावट सही म्हणतात आणि पोलीस बोलावतात.

मग फळ्यावरच्या निबंधाखाली बावन्न मुलांनी आपापली नावं घालायची, याला काय म्हणायचं? मराठी तर शिकतातच ती. पण त्याच तासाला, कुणी न शिकवता, आणखी एक गोष्ट शिकतात, की खरं असतं ते मनात ठेवायचं आणि लिहायचं असतं ते वेगळं. हीच मुलं मोठी होऊन कर्जाचे अर्ज भरतात. अर्जातला उत्पन्नाचा रकाना वाचताना मला पुष्कळदा तो मोती कुत्रा शेपूट हलवताना दिसतो.

आणि मूल लहान आहे, त्याला काय कळतंय, ही सबब आता चालायची नाही. २०१४ सालच्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेनं दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायची मुभा बँकांना दिली. मर्यादा काय त्या बँकेनं ठरवाव्यात. रिझर्व्ह बँक, जी आमच्या मॅनेजरवरही सहजासहजी विश्वास ठेवत नाही, ती पाचवीतल्या पोराच्या सहीवर पैसे द्यायला राजी आहे! त्याच पोराच्या आईबद्दल त्याचा शब्द घ्यायला आपण तयार नाही.

तरी बाईंचा मुद्दा उरतोच. घरातलं सगळं वहीत यावं का? दार न उघडणाऱ्या त्या माउलीला कुणी विचारलं होतं? इथे पुन्हा बँकच मदतीला येते. गिऱ्हाइकाची शिल्लक आम्ही गावभर सांगत नाही. पण म्हणून कुणाला खोटी शिल्लकही सांगत नाही. न सांगणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे, आणि तो आठ-नऊ वर्षांच्या मुलाला चांगला कळतो. त्याला एवढंच सांगावं, की जे सांगावंसं वाटत नाही ते सोडून दे, पण जे लिहिशील ते तुझं असू दे. बाबांवर लिहायचं नसेल तर बाबांच्या स्कूटरवर लिही. स्कूटरवर लिहिताना बाबा थोडेफार येतीलच, तेवढे पुरेत.

मुलांना खरं लिहू दिलं तर काय होतं, याचा दाखला आपल्याकडे फार जुना आहे. पुण्यात महात्मा फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली, चौदा-एक वर्षांची मुलगी शिकत होती. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर धड छप्पर नसतं, हे तिनं त्यात लिहिलं. आमचा धर्म कोणता ते तरी सांग, असं तिनं थेट देवालाच विचारलं. तिच्या गुरुजींनी त्या दिवशी फळ्यावर 'आमचे सुंदर गाव' लिहून दिलं असतं तर तिला दहापैकी नऊ मिळाले असते, आणि मराठीला तो निबंध मिळाला नसता.

लांब पुण्याला कशाला, आमच्याच गावात डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढलं. ज्यांच्या घरात आधी कुणी पुस्तक उघडलं नव्हतं अशी मुलं तिथे शिकली. तिथेच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी पुढे 'अस्मितादर्श' चालवलं, आणि गाइडात न सापडणारं आयुष्य त्यात छापून येऊ लागलं. ते वाचून मराठी भाषा बिघडली नाही. थोडी दचकली, आणि मग मोठी झाली.

अगदी लहान मुलांचं काय, असं कुणी विचारील. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या बाईंनी १९६३ साली 'टीचर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्या प्रत्येक मुलाला विचारत, तुला आज कुठला शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात देत. मुलं शब्द मागत ते भीतीचे नाहीतर मायेचे. 'भूत' हा शब्द फार आवडता. क्रमिक पुस्तकातले शब्द महिनोन्‌महिने डोक्यात न शिरणारी मुलं हे शब्द एकदा बघून लक्षात ठेवत. आमच्याकडे असं केलं तर पहिल्याच दिवशी फळ्यावर 'भूत', 'टँकर', 'मोबाईल' आणि 'मामा' एवढे शब्द गोळा होतील. अख्खा मराठवाडा येतो की यात!

आणि आता तर फळ्याचीही गरज उरलेली नाही. फोनला नुसतं 'माझी आई, दहा ओळी' म्हटलं की निबंध तयार. शुद्धलेखन चोख. मी मुद्दाम करून बघितलं. त्यातली आईही पाचलाच उठते. उतरवूनच काढायचं तर मुलानं कशाला मेहनत घ्यावी? पण फोन कधी आमच्या घरी पंख्यासमोर चूप बसलेला नाही. त्या दहा मिनिटांची खबर त्याला कुठून असणार?

म्हणून बाईंना मी शेवटी कळवलं, की ऱ्हस्व-दीर्घाला वाटेल तेवढी तांबडी शाई खर्च करा, ते तुमचं कामच आहे. मजकुरावर मात्र रेघ नको. त्याऐवजी खाली एक प्रश्न लिहा: 'चला म्हणून आई कुठे नेते?' मूल आपण होऊन आणखी चार ओळी लिहील. बाई म्हणाल्या, "बावन्न वह्यांत बावन्न प्रश्न?" मी म्हटलं, आठवड्याला दहा वह्या घ्या, हप्त्याहप्त्यानं फेडा. बँकेतल्या माणसाला दुसरं काय सुचणार! त्या हसल्या आणि करून बघते म्हणाल्या.

"आणि मार्कांचं काय?" त्यांनी विचारलं.

मार्क काय, पाच द्या, सात द्या. वरच्या आकड्यात आणि खालच्या शेऱ्यात फरक पडला, तर त्यातलं खरं कुठलं धरायचं ते अठराव्या कलमात दिलेलंच आहे.