फीची पावती आणि चवदार तळं

मित्रांनो, या खेपेला कविता देणार होतो. वहीत दोन पडून आहेत. पण जून महिन्यात आमच्या घरात एका पावतीवरून जे भांडण झालं ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय. मी काही शिकलेला माणूस नाही. दहावीनंतर सूतगिरणीत लागलो. जे काय वाचलं ते रात्रपाळीनंतर, विहारातल्या कपाटातलं. तेव्हा चुकलं तर पुढच्या अंकात खुशाल हाणा.

पावती थोरल्या भावाच्या पोराची. पोरगा दुसरीत, इंग्रजी शाळेत. वर्षाची फी २२,०००. गाडीचे महिना ७०० प्रमाणे दहा महिन्यांचे ७,०००. पुस्तकं, दोन ड्रेस, बूट मिळून ६,०००. झाले ३५,०००. माझी हजेरी ४६० रुपये. म्हणजे एका पोराच्या दुसरीसाठी ७६ हजेऱ्या. जवळजवळ तीन महिने मी फक्त त्या शाळेसाठी तुटलेले धागे सांधत उभा असतो. भाऊ यंत्रमागावर, वहिनी कांड्या भरते. पहिला हप्ता भावानं मालकाकडून उचल घेऊन भरला.

त्याच पोराची थोरली बहीण पाचवीत, पालिकेच्या शाळेत. तिच्यावर वह्या, दप्तर, चपला धरून वर्षाला दोन हजार. एका चुलीवर जेवणारी दोन पोरं. एकाला ३५, एकीला २.

हे आमच्याच घरात आहे असं समजू नका. सरकारनं २०२५ साली देशभर पाहणी केली. सरकारी शाळेतल्या पोरामागं घरचा वर्षाचा खर्च सरासरी २,८६३ रुपये. बिगरसरकारी शाळेतल्या पोरामागं २५,००२. जवळजवळ नऊपट. वर शंभरातली २७ पोरं शिकवणीला जातात, ते वेगळंच. आणि हा पैसा येतो कुठून? शंभरातल्या ९५ पोरांचा मुख्य खर्च घरचीच माणसं उचलतात. सरकारी शिष्यवृत्ती हाच पहिला मोठा आधार असं सांगणारे फक्त १.२ टक्के. म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, अंमल २०१० पासून, आणि ओझं अजून आईबापाच्याच डोक्यावर.

तर भांडण. मी पावती हातात घेतली आणि सभेत बोलतो तसा बोललो. म्हणालो, काढा पोराला त्या शाळेतून. शिक्षणाचा बाजार मांडलाय त्यांनी आणि आपण गिऱ्हाईक झालोय. भाऊ गप्प. वहिनी बोलली :

"भावजी, तुमचं बरोबर हाय. पण पोरीच्या शाळेत दोन वर्गांत मिळून एक बाई. त्या बाईलाबी कवा मतदार यादीचं काम, कवा आणि कसलं. तुमी शाळा सुधारा, मी पोराला उद्या तितं घालते. तवर त्यानं थांबायचं व्हय? दुसरीचं वर्स परत येतंय का?"

मला उत्तर आलं नाही. खरं सांगतो, अजून पुरतं आलेलं नाही.

कारण तत्त्वाची किंमत मी दुसऱ्याच्या पोराच्या वर्षानं भरायला निघालो होतो. हा अधिकार मला कोणी दिला? ज्यांची पोरं परदेशात शिकतात ते पांढरपेशे आपल्याला मायबोलीचं प्रेम शिकवतात, तसलाच हा प्रकार. इंग्रजी आपली दुश्मन नाही. बाबासाहेबांची कौन्सिलातली भाषणं मी शासनानं छापलेल्या खंडात डिक्शनरी पुढ्यात घेऊन वाचली. एका पानाला एक रात्र गेली. ती रात्र पुतण्याची जाऊ नये असं मलाही वाटतं. तेव्हा जी आई पोटाला चिमटा घेऊन फी भरते तिला गद्दार म्हणू नका. म्हणायचंच असेल तर आधी आपल्या शाखेतल्या किती कार्यकर्त्यांची पोरं पालिकेच्या शाळेत आहेत ते मोजा.

पण वहिनीच्या उत्तरातून एक माणूस सुटलं होतं. मी विचारलं, मग पोरीचं काय? तिचं पाचवीचं वर्ष परत येतंय का? वहिनीनं मान खाली घातली. कोपऱ्यातून आई म्हणाली, "पोरगी काय, जानारच हाय दुसऱ्याच्या घरी."

दोस्तांनो, इथं मी हादरलो. घरात बाबासाहेबांचा फोटो, शेजारी जोतिबा-सावित्रीचा. १८४८ साली ज्यांनी पुण्यात पोरींची शाळा काढली त्यांच्या फोटोखाली बसून आम्ही पोरगी निवडून बाजूला टाकली. मनू आला नव्हता. पावती आली होती. गावात जात जे काम करायची, की तू आत, तू बाहेर, तेच काम फी घरात करते. आणि आपल्याच हातानं करून घेते. फी दोघांना पुरत नाही, मग एक निवडावा लागतो, आणि निवडताना आपण जुन्याच वहीतला हिशेब काढतो.

बाबासाहेबांच्या चरित्रातही हे आहे. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींकडून दागिने मागून आणायचे आणि गहाण टाकायचे. आपण ही गोष्ट बापाचा त्याग म्हणून सांगतो. सांगावीच. पण दागिने लेकींचे होते. त्या लेकींचं कर्ज आपल्या चळवळीवर आहे. ते आपण फेडलं का?

आणि नुसत्या दागिन्यांवर भागलं नसतं. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून, सरकारी शाळेतून. १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. आमच्या कोल्हापूरकडं शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. घरानं जीव टाकला, पण दरवाजा सार्वजनिक होता.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. १२ मार्च १९२७ ला बाबासाहेब मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. म्हणाले की आर्ट्स कॉलेजांच्या खर्चातला जवळजवळ ३६ टक्के आणि हायस्कूलांचा ३१ टक्के भाग सरकार फीतून वसूल करतं, हा शिक्षणाचा व्यापार आहे. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आलं पाहिजे. त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर ओंजळ भरून पाणी प्यायले. आपण तळ्याची तारीख पाळतो, फीची विसरलो. मला तर ते एकच आंदोलन वाटतं.

महाडला आपल्या माणसांपुढं दुसराही रस्ता होता. वर्गणी काढा, वस्तीत आपली विहीर खणा, मुकाट प्या. तहान भागली असती. पण ते तळ्यावर गेले, नगरपालिकेनं ठराव करून खुलं केलेल्या तळ्यावर. डिसेंबरात बाबासाहेबांनी सांगितलंच की ते पाणी प्यायलो नाही तर मरू म्हणून आपण जात नाही, आपणही माणसं आहोत हे ठरवायला जातो.

फीची शाळा ही वस्तीतली खाजगी विहीर आहे. तहानलेल्यानं तिचं पाणी प्यावं, पाप नाही. पण ज्याच्या दारात विहीर येते तो तळ्यावर यायचा बंद होतो. आपल्या वस्तीत हेच झालं. ज्यांना अर्ज लिहिता येतो, साहेबाच्या टेबलावर हात आपटता येतो, त्यांनी आपली पोरं काढून नेली. शाळेत राहिली विधवेची पोरं, ऊसतोडणीला जाणाऱ्यांची, बिगाऱ्यांची, आणि आमची पोरगी. ओरडणारं कोणी नाही म्हणून बाई मिळत नाही. बाई नाही म्हणून आणखी चार पोरं जातात. मग पट कमी म्हणून शाळेला टाळं.

सरकार हे ओळखून आहे. खाजगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांचा कायदा आहे. आमच्या पोराचा सोडतीत नंबर लागला नाही, म्हणून तर ही पावती. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियमच बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेनं या जागा द्यायची गरज नाही. म्हणजे गरिबानं जवळच्या सरकारी शाळेत जावं. वा! त्याच किलोमीटरमध्ये कलेक्टर, वकील आणि मालक राहात नाहीत काय? त्यांना कोणी सांगितलं, शाळा जवळ आहे म्हणून? १९ जुलै २०२४ ला हायकोर्टानं तो नियम रद्द केला. बरं झालं. पण सोडत म्हणजे हक्क नव्हे. चिठ्ठी निघाली तर माणूस, नाही तर पावती.

मग करायचं काय? मला दोनच गोष्टी सुचतात. फी भरणाऱ्यानं भरावी, पण फी भरली म्हणून पालिकेच्या शाळेतून सुटका झाली असं समजू नये. कायद्यानं सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया. आपल्या वस्तीत ही समिती कागदावर आहे. तिथं आपल्या आयाबहिणी बसल्या पाहिजेत आणि बाहेर आपण उभं राहिलं पाहिजे, जयंतीच्या मंडपात राहतो तसं. दुसरी गोष्ट घरातली. पोराची पावती फाडताना शेजारी पोरीचा आकडा लिहा. मोठ्यानं वाचा. लाज वाटली पाहिजे, मगच हात हलतो.

वहिनी आता त्या समितीत आहे. पहिल्या बैठकीला अर्धी पाळी खाडा करून गेली, २०० रुपये बुडाले. बाई अजून एकच आहे. पोरगी रोज रात्री पुतण्याचं इंग्रजी पुस्तक घेऊन बसते, अडलं तर मला विचारते. मलाही येत नाही. डिक्शनरी मधे ठेवतो आणि दोघं शोधतो.