सुंठवड्याची पुडी

जयंतीच्या अंकात लोक अनुभव लिहितात, मी चूक लिहितो आहे. बँकेत ३२ वर्षं क्लार्क होतो. दुसऱ्याच्या खात्यातला पैशाचा फरक शोधून काढायचो, घरातला दिसला नाही.

आमची सूनबाई महानुभाव घरातली. लग्नानंतरची पहिली दत्तजयंती. संध्याकाळी जन्म झाला, आरती झाली, मी सुंठवडा वाटू लागलो. तिनं हात मागे घेतला. "बाबा, मला नको." पाहुण्यांसमोर! मी म्हणालो, "दत्ताच्या घरात दत्ताचा प्रसाद नको?" आणि हात धरून तळव्यावर ठेवलाच. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सकाळी तो सुंठवडा देव्हाऱ्याशेजारी कागदाच्या पुडीत नीट बांधून ठेवलेला दिसला. आमची ही म्हणाली, "तिनं टाकला नाही हो. तुम्ही तिला कारण तरी विचारलंत का?"

मग विचारलं. चक्रधरस्वामींच्या पंथात पाच अवतार मानतात. श्रीकृष्ण, दत्तात्रेयप्रभू, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि स्वतः चक्रधर. म्हणजे दत्त तिचाही! फक्त त्यांचा दत्त एकमुखी, आपला त्रिमूर्ती. इतर देवतांपुढचा नैवेद्य ते घेत नाहीत, एवढंच. गुरुचरित्राची इतकी पारायणं केली, माहूरला जाऊन आलो, पण तिथलं देवदेवेश्वरी हे महानुभावांचं मोठं स्थान आहे हे मला सुनेकडून कळलं.

नेवासे आपल्याच जिल्ह्यात. शके १२१२ मध्ये माउलींनी तिथं गीता मराठीत सांगितली. सातव्या अध्यायात भगवंत सांगतात की, ज्याची ज्या रूपावर श्रद्धा, त्याची ती श्रद्धा तिथंच मी स्थिर करतो. (पुढे त्या भक्तांचं फळ नाशिवंत म्हटलंय, हेही खरं. पण त्यांची श्रद्धा मोडा असं कुठं म्हटलंय?) देव जी स्थिर करतो ती मी चिमूटभर सुंठवड्यानं हलवायला निघालो होतो. आणि गीता तर तिच्या माहेरीही रोजची.

आमचे एक स्नेही म्हणतात, सासरचा देव तोच सुनेचा, घरात एकच रीत हवी. मला नाही पटत. धाकानं पुढे केलेला हात देवाला काय कळत नाही?

सूनबाईची मी माफी मागितली. सासऱ्यानं सुनेची माफी मागायची, जड गेलं, खोटं कशाला सांगू.

आता जयंतीला सुंठ तीच कुटते. नैवेद्य दाखवायच्या आधी एक वाटी बाजूला काढते, ती तिची. नातू दोन्हीकडचा खातो.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥