रिकामी तक्रारपेटी

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण बाहेर आलं आणि राज्यभरच्या शाळांना सीसीटीव्हीची सक्ती झाली. कॅमेरे मोजता येतात. सुरक्षितता कशी मोजायची?

एरर लॉग रिकामा दिसला की आम्ही सॉफ्टवेअरवाले आधी विचारतो, लॉगिंग चालू आहे ना? आमच्या काष्टीसारख्या गावात सर वडिलांच्या ओळखीचे असतात, चिठ्ठीतलं अक्षरही ओळखू येतं. तिथं तक्रारपेटी रिकामी राहिली, तर ती भीतीमुळेही असू शकते.

लैंगिक अत्याचार माहीत असून न कळवणं हा २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे. तरी शून्य तक्रारींना शाबासकी मिळत राहिली, तर शाळा लपवायलाच शिकेल. तक्रारी वाढल्या, तर कदाचित मुलांना बोलायचं धाडस आलंय. मोजायचंच तर प्रत्येक चिठ्ठीचं पुढं काय झालं, ते मोजूया.