परक्या मुलखातली चूल

नळदमयंतीचे आख्यान आपण प्रेमकथा म्हणून ऐकत आलो; पण ते एका विस्थापिताचेही आख्यान आहे. राज्य गेले, रूप पालटले, नळाचा बाहुक झाला आणि अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे चाकरीला राहिला. घोडे सांभाळावेत, स्वयंपाक करावा. पुढे तो विदर्भात आला, तेव्हा दमयंतीने आपली दासी केशिनी हिच्याकरवी त्याने रांधलेले मांस मागवले, चाखून पाहिले आणि तिला खूण पटली. देह ओळखू येत नव्हता, हाताची चव ओळखू आली. माणसाचे सगळे हिरावून घेतले तरी अंगी मुरलेले कसब त्याच्यासोबत वेशी ओलांडते, हे वनपर्वाच्या कथाकाराला पुरते उमगले होते.

नळाचे भाग्य एवढेच, की ती चव जाणणारे कुणीतरी होते. अलेप्पोहून किंवा काबूलहून न्यूयॉर्कला पोचलेल्या बाईला अशी दमयंती कुठून भेटणार? तिच्या हाताला काय येते, हे त्या शहरात कुणालाच ठाऊक नसते. तिला अनोळखी जिभांकडून नवी ओळख कमवावी लागते.

ब्रुकलिनमधली ‘एमाज टॉर्च’ ही संस्था अशा माणसांना त्या वाटेवर सोबत करते. केरी ब्रोडी यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत निर्वासित, आश्रयार्थी आणि मानवी तस्करीतून सुटलेले लोक स्वयंपाकाचा व्यवसाय शिकतात. शिकत असतानाच त्यांना वेतन मिळते. नाव घेतले आहे एमा लॅझरस या कवयित्रीवरून. 1883 मध्ये तिने लिहिलेले सुनीत स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याशी कायमचे जोडले गेले. मात्र रशियातल्या छळातून पळून आलेल्या ज्यूंना पोटापाण्याचे कसब मिळावे म्हणून न्यूयॉर्कमध्ये हिब्रू टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहण्यातही तिचा वाटा होता, हे क्वचितच आठवले जाते. स्वागताची कविता लिहिणाऱ्या या बाईला दुसऱ्या दिवशीच्या भाकरीचाही विचार होता, म्हणून मला ती अधिक मोठी वाटते.

घरी चाळीस पाने सहज वाढणारी सुगरणही हॉटेलच्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी नवशिकीच असते. सुरी कशी धरायची, गाजराचे 3 मिलिमीटरचे एकसारखे तुकडे कसे पाडायचे, 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान अन्न फार वेळ का ठेवायचे नाही, गरम भांडे घेऊन कुणाच्या पाठीमागून जाताना ‘बिहाइंड’, ‘हॉट’ अशी हाक कशी द्यायची, इथून सुरुवात. आश्रयाच्या कचेरीत तिला पुन्हापुन्हा भूतकाळ सांगावा लागतो: काय घडले, केव्हा, कुणी केले, तारीख चुकली तर संशय. शेगडीपाशी प्रश्न असतो, सॉस झाला का? त्या साध्या प्रश्नात तिला पीडित म्हणून नव्हे, सहकारी म्हणून मोजलेले असते. स्वतः परागंदा झालेल्या विचारवंत हाना आरेंट यांनी 1943 मध्ये निर्वासितांविषयी लिहिताना काम गमावण्याचे दुःख घर गमावण्याच्या शेजारी मांडले, ते उगीच नव्हे.

तरीही या कामाचे गोडवे गाऊन थांबणे अन्यायाचे होईल. पाय भरून येईतो उभे राहायचे, रात्री उशिरा घर गाठायचे, आणि पगार बहुधा बेताचाच. कालची शिक्षिका किंवा अभियंता आज कांदे सोलते, तेव्हा तिचे जुने ज्ञान वाया जात असते. तो तोटा उघडपणे मान्य करायला हवा. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. यजमान शहराला तिच्याकडून तिच्या आजीच्याच पाककृती हव्या असतात. कुणाला त्या जपाव्याशा वाटतील, कुणाला त्यांचा वासही सोसवणार नाही, कुणाला निव्वळ पास्ता शिकायचा असेल. गमावलेल्या देशाचे प्रदर्शन मांडण्याची सक्ती कुणावरही नको.

निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय कराराने वेतनी कामाचा हक्क सतराव्या कलमात नोंदवला आहे. कागदावरचा तो हक्क शेजारच्या ओट्यावर उभे राहून शिकवणाऱ्या माणसामुळे खरा होतो. सुरक्षित छप्पर ही आश्रयाची सुरुवात आहे. आलेल्या माणसाला आपण बरोबरीने शिकू दिले, चुकू दिले, कामाचे पुरते दाम दिले आणि उद्या वेगळे काही व्हायची मोकळीक दिली, म्हणजे तो आश्रय पूर्ण होतो.