पोस्टमनचा शेरा

रजिस्टर केलेलं पत्र परत आलं की पाकिटावर पोस्टमनचा शेरा असतो : 'घेण्यास नकार', 'घर बंद', 'पत्ता अपूर्ण'. शिवाजीनगर कोर्टात हे शब्द हलके नसतात. योग्य पत्त्यावर गेलेली नोटीस 'नकार' शेऱ्यानिशी परतली, तर ती बजावली गेली असंच सहसा धरतात. 'पत्ता अपूर्ण'ला ती सोय नाही.

परवा हिंजवडीत एका तरुण सहकाऱ्याचा कोड तपासताना हे शेरे आठवले. सर्व्हरशी जोडणी करणारं फंक्शन, बदल जेमतेम ४० ओळींचा. काहीही बिघडलं तरी लॉगमध्ये एकच ओळ : 'नेटवर्क एरर'. म्हणजे सगळ्या पाकिटांवर नुसता 'परत'चा शिक्का.

नेटवर्क एवढं मुकं नसतं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे बहुधा मशीन जागं आहे, त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही आणि तसं त्यानं कळवलंय. 'टाइमआउट' म्हणजे उत्तरच नाही. लिनक्स नेहमीच्या सेटिंगवर दोनेक मिनिटं हाका मारून थांबतं. असे बिघाड कळवणाऱ्या आयसीएमपी प्रोटोकॉलच्या १९८१च्या मानकातसुद्धा 'पोचता येत नाही'चे प्रकार पाडलेत : नेटवर्क, होस्ट, पोर्ट.

दुसऱ्या खेपेला त्या सहकाऱ्यानं एरर नंबर छापला, पण आधी सॉकेट बंद करून. तो नंबर मधल्या कॉलनं बदलू शकतो. नावावरून पत्ता शोधणारं फंक्शन तर आपले कोड वेगळेच परत देतं. तिथं नेहमीचा नंबर छापला की लॉग कधीकधी म्हणतो, 'नाव सापडलं नाही : सक्सेस'. (हे मीही एकदा केलंय.)

तिसऱ्या खेपेला संदेश आला : 'सर्व्हर बंद आहे.' हा मला सगळ्यांत जास्त खटकला. टाइमआउट फायरवॉलमुळेही होतो. या संदेशावर विसंबून कुणीतरी रात्री दोनला धडधाकट सर्व्हर रीस्टार्ट करत बसेल. पोस्टमन कुलूप पाहून 'घर बंद' लिहितो, 'मंडळी कोकणात गेलीत' असं लिहीत नाही.

शेवटी कोणतं नाव, कोणता पत्ता-पोर्ट, किती सेकंद थांबलो, काय उत्तर आलं, एवढंच ठेवलं. ग्राहकासाठी वाक्य वेगळं.

"पण सर, डीएनएसच उत्तर देत नसेल तर? 'पत्ता अपूर्ण' म्हणायचं का?"

नाही. पत्ता विचारायला गेलो आणि सांगणाराच जागेवर नव्हता. त्याचा कोडही निराळा आहे.